मालाच्या जहाजावर विमानांचा तळ : प्रस्तावना

एखाद्या जहाजाचा सांगाडा उभा राहत असताना ज्या कारागिरांच्या मनात धान्याची पोती, कापसाच्या गासड्या, दगडी कोळसा आणि फार तर उतारूंच्या खोल्या एवढ्याच भाराचा हिशेब होता, तेच जहाज पुढे युद्धाची निकड उत्पन्न झाल्यावर सरकारी हुकुमाने गोदीत आणले जावे, त्याच्या पाठीवरील सारे बांधकाम उतरवून तेथे सपाट धावपट्टी घातली जावी, मालाच्या कोठारांत विमाने उभी राहावीत, आणि कालपर्यंत ज्याचे रक्षण आरमाराने करावयाचे त्यानेच आज इतरांच्या रक्षणास निघावे, हा प्रकार सागरी इतिहासात मुळीच अपवादात्मक नाही. अशा नौकांना साहाय्यक विमानवाहू नौका म्हणतात. त्यांच्यापैकी काहींची नावे जगाच्या स्मरणात राहिली, बहुतेकांची राहिली नाहीत. आणि मराठीत तर या विषयावर एकत्रित असे लेखन माझ्या पाहण्यात नाही. प्रस्तुत ग्रंथाचा जन्म या उणिवेतून झाला आहे.

ग्रंथाला निमित्त मात्र समुद्राने दिले नाही, आकाशाने दिले. अंतराळयानांच्या कथा आवडीने वाचणारी जी मराठी मुले येथे बेंगळुरूत वाढत आहेत, त्यांच्या वाचनात एक कल्पना वारंवार येते: वसाहतींना धान्य व यंत्रसामग्री पोचविण्यासाठी बांधलेल्या अवाढव्य वाहतूक-यानांचा एक संपूर्ण वर्ग, आणि युद्ध पेटल्यावर त्याच वर्गातील यानांच्या पोटात लढाऊ यानांची पथके बसवून त्यांचा केलेला साहाय्यक वाहक-ताफा. एकोणीसशे नव्व्याण्णव सालच्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील व्यापारी संघाची कड्याच्या आकाराची प्रचंड याने ही मुळात अशीच मालवाहू याने म्हणून कल्पिलेली आहेत. या कल्पनेवर मुले तासन् तास बोलतात, तिचे आराखडे काढतात. परंतु हीच गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात, आपल्याच कोकणपट्टीसमोरच्या समुद्रात, लोखंडाच्या आणि सागाच्या जहाजांवर प्रत्यक्ष घडून गेली आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे, एवढ्याचसाठी लेखणी हाती घेतली.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात, आणि त्यातही स्वातंत्र्यानंतर लगेच आखल्या गेलेल्या जयनगरासारख्या शांत वसाहतीत बसून जहाजांविषयी लिहिणे हे प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. पण ज्याला आपण विमानवाहू नौका म्हणतो ती निम्मी जहाज व निम्मी विमान असते, आणि तिच्या या दुसऱ्या अर्ध्या भागाशी बेंगळुरूचा संबंध १९४० सालापासूनचा आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या सहकार्याने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची येथे स्थापना केली. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यात अमेरिकन ‘कॅटालिना’ या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची दुरुस्ती होत असे, आणि ती विमाने बेळ्ळंदूरच्या तलावावर उतरत. समुद्रावर गस्त घालणारे विमान दख्खनच्या पठारावरील एका तलावात उतरते आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना या ग्रंथाचा विषय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. वालचंदांच्या नावाकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

प्रथम हे रूपांतर शक्य कशामुळे होते ते पाहू. मालवाहू जहाजाची खरी संपत्ती म्हणजे त्याच्या पोटातील पोकळी. युद्धनौकेच्या अंतर्भागात तोफांचे बुरूज, दारूगोळ्याची कोठारे, चिलखती भिंती आणि प्रचंड यंत्रे यांनी इंच इंच जागा व्यापलेली असते. उलट व्यापारी जहाज हे जास्तीत जास्त मोकळी जागा, कमीत कमी इंधनात, दीर्घ पल्ल्यापर्यंत नेण्यासाठी बांधलेले असते. विमानांना हवी असते तीही मोकळी जागाच. म्हणून चिलखती क्रूझरपेक्षा धान्याचे जहाज विमानांसाठी अधिक सोयीचे ठरते. पण या सोयीची किंमतही मोजावी लागते. मालाने भरलेले जहाज पाण्यात खोल बसते आणि स्थिर राहते. त्याच्या पोटात हलकी विमाने आणि माथ्यावर जड धावपट्टी आली की त्याचा तोल बिघडतो, म्हणून तळाशी निरुपयोगी भार घालावा लागतो. धुराडे धावपट्टीच्या आड येते, म्हणून धूर बाजूने काढून द्यावा लागतो. विमानाला उड्डाणासाठी समोरून वारा हवा असतो, आणि तो वारा जहाजाच्या वेगातून निर्माण करावा लागतो; व्यापारी जहाज तर मुळातच संथ, म्हणून विमान फेकणारे यंत्र बसवावे लागते किंवा अगदी हलकी, जुनी विमाने वापरावी लागतात. सर्वांत मोठी उणीव अशी की, युद्धनौकेचे पोट अनेक जलरोधक कप्प्यांत विभागलेले असते, तसे व्यापारी जहाजाचे नसते. एकाच पाणतीराने त्याचा अंत होऊ शकतो. नोव्हेंबर १९४२ मध्ये ब्रिटिश ‘ॲव्हेंजर’ या साहाय्यक वाहक नौकेवर पाणतीर आदळला तेव्हा तिच्या बाजूच्या भिंतीलगत साठविलेले बॉम्ब पेटले आणि केवळ बारा माणसे वाचली. त्यानंतर ब्रिटिशांनी अशा सर्व नौकांत बॉम्बचा साठा बाहेरच्या भिंतीपासून आत हलविला. रूपांतराची विद्या अशी माणसांच्या प्राणांचे मोल देऊन शिकली गेली आहे.

आता इतिहासाकडे वळतो, आणि प्रारंभ आपल्या किनाऱ्यापासूनच करतो. शिवछत्रपतींच्या आरमारात गुराबा व गलबते ही लढाऊ, तर शिबाडे, मचवे यांसारखी तारवे प्रामुख्याने वाहतुकीची; पण ही विभागणी काटेकोर कधीच नव्हती. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून निघून कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील बसरूरवर महाराजांनी जी सागरी मोहीम केली, तीत ८५ लहान नौका आणि तीन मोठी जहाजे होती असे नोंदलेले आहे. ती सारी मोहीम म्हणजे सैन्य जहाजांवर चढवून शत्रूच्या अपेक्षेपलीकडे उतरविण्याचीच होती. वाहतूक हेच येथे शस्त्र होते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त आरमाराला राज्याच्या स्वतंत्र अंगाचा मान दिला, आणि गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम प्रमाणाच्या असाव्यात, तसेच जहाजांसाठी रयतेची फळझाडे तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा बंदोबस्त सांगितला. आरमाराचा विचार लाकडापासून रयतेपर्यंत जाऊन पोचणारा असा कारभारी ग्रंथ त्या काळात विरळा.

परंतु व्यापारी तारवाला घाईघाईने रणनौका करण्याचे आपल्या किनाऱ्यावरील सर्वांत बोलके उदाहरण मराठ्यांच्या नव्हे, त्यांच्या शत्रूच्या बाजूचे आहे. १६७९ च्या पावसाळ्यात मराठ्यांनी मुंबईच्या तोंडावर, खांदेरी बेटावर तटबंदी घालण्यास आरंभ केला, तेव्हा मुंबईच्या इंग्रज कौन्सिलापाशी पुरेशी लढाऊ जहाजे नव्हती. म्हणून त्यांनी स्थानिक व्यापाऱ्यांची शिबाडे व मचवे भाड्याने घेतले, त्यांवर शिपाई व लहान तोफा चढविल्या आणि बेटाची नाकेबंदी करण्यास पाठविले. भाड्याच्या शिबाडाला लढाई येत नाही, हे लवकरच सिद्ध झाले. वारा पडला की वल्ह्यांवर चालणारी मराठी गलबते या जड तारवांना वळसा घालून दगड, चुना, धान्य व माणसे बेटावर पोचवीत राहिली. आणि १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याने चढाई केली तेव्हा ‘डव्ह’ ही इंग्रजांची गुराब शरण आली, साहाय्यक तारवांनी पाठ दाखविली, आणि ‘रिव्हेंज’ या एकट्या फ्रिगेटवर सारा भार पडला. ‘रिव्हेंज’ने तो दिवस निभावला हे खरे, पण बेट मराठ्यांच्याच हाती राहिले. या लढाईचा माझा अर्थ असा आहे: खांदेरी ज्यांनी जिंकली ती मालाची ने-आण करणारी लहान गलबते होती, आणि ज्यांनी गमावली त्यांनी माल वाहणाऱ्या तारवांना त्यांच्या स्वभावाविरुद्ध कामाला जुंपले होते. रूपांतरात जहाजाचा मूळ स्वभाव ओळखला गेला नाही, तर तोफा चढवूनही लाभ होत नाही. पुढील अडीचशे वर्षांचा इतिहास वाचताना हे सूत्र पदोपदी आठवते.

अठराव्या शतकात आंग्र्यांनी ईस्ट इंडिया कंपनीची मोठी व्यापारी जहाजे धरली, १७३५ मध्ये ‘डर्बी’ त्यांच्या हाती लागले, आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. त्या वणव्याचा प्रारंभ ‘रिस्टोरेशन’ या आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून जिंकलेल्या जहाजापासून झाला. या काळाची सविस्तर चर्चा इतर ग्रंथांत झालेली असल्याने मी येथे ती लांबवीत नाही.

वाफेच्या युगाने एक नवा विचार आणला: जहाज बांधतानाच त्याच्या भावी रूपांतराची तजवीज करून ठेवावी. ब्रिटिश नौदलाने काही उतारू कंपन्यांना अर्थसाहाय्य देऊन त्यांच्या जहाजांत तोफांसाठी मजबूत चौथरे आधीच घालून घेतले. १८९१ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी इंग्लंडातील बॅरो येथे तयार झालेले ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे त्यांपैकी एक. तोफा त्याने फारशा वाहिल्या नाहीत. १९१४ मध्ये ते ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतले, त्याचे ‘लॉयल्टी’ हे इस्पितळ-जहाज झाले, आणि युद्ध संपल्यावर वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी व त्यांचे सहकारी यांनी ते घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली; तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. उतारू जहाज, मनातल्या मनात रणनौका, मग इस्पितळ, मग परकीय मक्तेदारीला आव्हान देणारे स्वदेशी व्यापारी जहाज, असे एकाच कायेचे चार अवतार; आणि त्या चौथ्या अवताराचा धनी तोच, ज्याने एकवीस वर्षांनी बेंगळुरूला विमानांचा कारखाना दिला. समुद्र आणि आकाश या दोन्हींचे हिंदी स्वावलंबन एकाच सोलापूरकराने मनावर घेतले, ही गोष्ट शालेय पुस्तकांत यावयास हवी तेवढी येत नाही, याची मला खंत आहे.

रूपांतराला कायद्याची चौकट १९०७ च्या हेग परिषदेने दिली. व्यापारी जहाजाला रणनौका करावयाचे तर ते ज्या राष्ट्राचा ध्वज लावते त्याच्या प्रत्यक्ष अधिकाराखाली असावे, कप्तान त्या राष्ट्राचा सनदी अधिकारी असावा, खलाशांना लष्करी शिस्त लागू असावी, आणि त्या जहाजाचे नाव रणनौकांच्या यादीत जाहीर व्हावे, असे नियम ठरले. असे रूपांतर खुल्या समुद्रात करता येते की नाही, या प्रश्नावर मात्र एकमत झाले नाही, आणि तो प्रश्न लौकरच रक्ताने लिहिला गेला.

समुद्रावरून विमाने लढाईत प्रथम उतरली ती वाहतुकीच्या जहाजावरूनच, हे आज सहसा लक्षात घेतले जात नाही. जपानची ‘वाकामिया’ ही मूळची ब्रिटनमध्ये बांधलेली मालवाहू आगबोट. रशिया-जपान युद्धात ती जपान्यांनी धरली, वाहतुकीला लावली, १९१३ मध्ये तिच्यावर सागरी विमानांची सोय केली, आणि सप्टेंबर १९१४ मध्ये चीनमधील जर्मन तळ चिंगताववर तिच्या विमानांनी केलेला हल्ला हा जहाजावरून निघालेल्या विमानांचा जगातील पहिला हल्ला मानला जातो. त्याच वर्षीच्या नाताळात इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या उतारू बोटींवरून ब्रिटिश विमाने जर्मनीच्या कुक्सहाफेनवर गेली. या विमानांना धावपट्टी नव्हती. यारीने ती पाण्यात सोडावयाची, लाटा शांत असल्या तर ती उडावयाची, आणि परतल्यावर पुन्हा यारीनेच उचलून घ्यावयाची.

येथे मी वाचकाला थोडा वेळ थांबवणार आहे, कारण या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रसंग मुंबईच्या समोरचा आहे. जर्मनीच्या ब्रेमेन शहरातील ‘हान्सा’ ही आगबोट कंपनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदुस्थानशी व्यापार करीत होती, आणि तिच्या बोटींना मुंबई व कलकत्ता ही बंदरे अंगणासारखी परिचित होती. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तिची ‘राबेनफेल्स’ ही बोट पोर्ट सैदला ब्रिटिशांच्या हाती सापडली. त्यांनी तिचे नाव ‘रेव्हन दुसरी’ ठेवून तिच्यावर सागरी विमाने चढविली. तिचीच व्यवसायभगिनी ‘वाखटफेल्स’ जर्मनीत होती. तिला जर्मन नौदलाने छुप्या तोफा, पाणतीर, साडेचारशेहून अधिक सुरुंग आणि ‘वोल्फशेन’ नावाचे एक लहान सागरी विमान देऊन ‘वोल्फ’ बनविले. कप्तान कार्ल नेर्गरच्या हाताखाली ‘वोल्फ’ ३० नोव्हेंबर १९१६ रोजी कीलहून निघाली, आफ्रिकेला वळसा घालून फेब्रुवारी १९१७ मध्ये कोलंबो व मुंबई यांच्या समोर तिने सुरुंग पेरले, आणि निघून गेली. पावसाळा लागला तेव्हा ते सुरुंग जागे झाले: २३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ. कंपनीची ‘मंगोलिया’ ही डाकबोट मुंबईजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. ‘वोल्फ’ची शिकार करण्यास ब्रिटिशांनी ज्या नौका हिंदी महासागरात धाडल्या, त्यांत ‘रेव्हन दुसरी’ होती. फ्रेंच क्रूझर ‘पोथुआ’बरोबर तिने लक्षद्वीप व मालदीवचा परिसर धुंडाळला, तिचे एक विमान मालदीवच्या बेटांत भरकटले, पण ‘वोल्फ’ सापडली नाही. एकाच कंपनीच्या, एकाच व्यापारमार्गावर वाढलेल्या दोन मालवाहू बोटी, दोन्ही विमाने वाहणाऱ्या, एक शिकार आणि एक शिकारी, आणि दोघींमध्ये आपला अरबी समुद्र! ‘वोल्फ’ ४५१ दिवसांनी, २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला परतली. तिच्या प्रवासात तिला एकाही बंदराचा आश्रय मिळाला नव्हता. मालवाहू जहाजाची चिकाटी म्हणजे काय, हे याहून अधिक स्पष्टपणे कोणी दाखविले असेल असे मला वाटत नाही.

खरी धावपट्टी १९१८ मध्ये आली, तीही एका अपुऱ्या राहिलेल्या इटालियन उतारू जहाजावर; ‘कोंते रोसो’ची ‘आर्गस’ झाली आणि विमानवाहू नौकेला आजचे सपाट रूप मिळाले. अमेरिकेची पहिली विमानवाहू ‘लँगली’ ही कोळसा वाहणारी ‘ज्युपिटर’ होती. दुसऱ्या महायुद्धात तर या विद्येची शाळाच भरली. अटलांटिकच्या मध्यावर किनाऱ्यावरील विमाने पोचत नसलेल्या पट्ट्यात जर्मन पाणबुड्या मालवाहू काफिल्यांचा फडशा पाडू लागल्या, तेव्हा ब्रिटिशांनी जर्मनांकडून धरलेल्या ‘हानोव्हर’ या केळी वाहणाऱ्या बोटीवर धावपट्टी घालून ‘ऑडॅसिटी’ तयार केली. तिला हँगर नव्हते, विमाने उघड्या धावपट्टीवर वारा-पाऊस सोसत उभी असत. तरीही १९४१ च्या डिसेंबरात तिने एका काफिल्याचे असे रक्षण केले की, ती स्वतः २१ तारखेला बुडाली तेव्हा तिचे मूल्य दोन्ही पक्षांना कळून चुकले होते.

यानंतर जे निरनिराळे मार्ग फुटले त्यांनाच मी या विषयातील पंथ म्हणतो. अमेरिकनांनी व्यापारी जहाजांच्या तयार सांगाड्यांवर साहाय्यक वाहक नौका बांधण्याचा कारखानदारी पंथ स्वीकारला. चार तेलवाहू जहाजांचा ‘सँगामन’ वर्ग त्यांनी केला, आणि शेवटी हेन्री कैझरच्या गोदीत एकाच वर्षात ‘कासाब्लांका’ वर्गाच्या ५० नौका नौदलाच्या स्वाधीन केल्या. त्या व्यापारी पद्धतीच्या, पण मुळापासून युद्धासाठीच होत्या. ब्रिटिशांचा दुसरा पंथ मला अधिक हृद्य वाटतो: १९४३ पासून त्यांनी १९ व्यापारी जहाजांवर, त्यांत सहा धान्याची आणि तेरा तेलाची, धावपट्ट्या घातल्या, पण त्यांचा माल काढून घेतला नाही. धान्य किंवा तेल पोटात, तीन-चार जुनाट ‘स्वोर्डफिश’ विमाने पाठीवर, आणि जहाज चालविणारे व्यापारी खलाशी तेच. जहाजाने आपला धंदा सोडला नाही आणि रक्षणाचे कामही केले. जपानचा पंथ तिसरा. त्यांनी युरोपच्या फेऱ्यांसाठी बांधलेल्या आलिशान उतारू जहाजांचा ‘ताइयो’ वर्ग केला. परंतु वेग आणि उपकरणे अपुरी पडल्याने त्या नौका बहुतांश बेटांवर विमाने पोचविण्याच्या कामी लागल्या, म्हणजे वाहतुकीसाठी जन्मलेले जहाज वाहक होऊन पुन्हा वाहतुकीकडेच वळले, आणि तीनही अमेरिकन पाणबुड्यांच्या तोंडी पडली. माझे मत असे की, तिन्हींत ब्रिटिश पंथाने जहाजाचा मूळ स्वभाव सर्वांत अधिक जपला, आणि म्हणूनच त्याची हानी कमी झाली. जाणकार याला विरोध करतील, आणि त्यांचा विरोध मी या ग्रंथात प्रामाणिकपणे मांडला आहे.

हिंदी महासागरही यातून सुटला नाही. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ ही लहान नौका ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत असता, ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’ या दोन जपानी साहाय्यक क्रूझरांनी त्यांना गाठले. ही दोन्ही मूळची उतारू-मालवाहू जहाजे, आता तोफा आणि सागरी विमाने घेतलेली, ‘बेंगाल’हून अनेक पटींनी मोठी. ‘बेंगाल’ने पळ काढला नाही, ‘ओंदिना’नेही आपल्या एकुलत्या मोठ्या तोफेने मारा केला, आणि ‘होकोकू मारू’ पेटून बुडाली. व्यापारी पोटात चिलखत नसते हे सत्य या वेळी आपल्या पथ्यावर पडले. मे १९४५ मध्ये रंगून परत घेण्याच्या मोहिमेवर ब्रिटिश साहाय्यक वाहक नौकांचीच विमाने होती.

आणि आपली ‘विक्रांत’? ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झालेली, त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मुंबईत पोचलेली आणि १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात गाजलेली ही नौका व्यापारी जहाजाचे रूपांतर नव्हे, हे खरे. परंतु ज्या ब्रिटिश हलक्या विमानवाहू वर्गात ‘हर्क्युलिस’ म्हणून तिचा जन्म झाला, त्या वर्गाचा आराखडाच व्यापारी गोद्यांत बांधता यावा म्हणून व्यापारी जहाजांच्या मापदंडांवर बेतलेला होता, आणि त्या नौका युद्ध संपेपर्यंत टिकल्या तरी पुरे असा मूळ हिशेब होता. त्या अल्पायुषी हिशेबाची नौका मुंबईकरांनी साडेतीन दशके सेवेत ठेवली. आपल्या गोदी-कामगारांच्या कौशल्याला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला ठाऊक नाही.

आजच या विषयाकडे वळण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे पेटाऱ्यांचे (कंटेनरांचे) मालवाहू जहाज हॅरियर विमाने व हेलिकॉप्टरे घेऊन गेले आणि २५ मे रोजी क्षेपणास्त्राने पेटले. ज्या ‘हर्मीस’ने त्या युद्धाचे नेतृत्व केले तीच पुढे आपली ‘विराट’ झाली. २०२५ मध्ये इराणने ‘शहीद बाघेरी’ हे पूर्वाश्रमीचे पेटारे वाहणारे जहाज ड्रोनांची धावपट्टी घालून आपल्या दलांत दाखल केले. वैमानिकविरहित विमान लहान, हलके आणि स्वस्त असल्याने त्याला प्रचंड विमानवाहूची गरज उरत नाही. म्हणून उद्या कोणतेही मालवाहू जहाज वाहक होऊ शकेल, आणि न्हावा-शेवा बंदरात उभी असलेली शेकडो पेटाऱ्यांची बोट पाहून हेगच्या १९०७ च्या नियमांपैकी कोणता तिला लागू पडतो, हा प्रश्न विधिज्ञांना पुन्हा विचारावा लागेल. आपल्याकडे तेजसच्या नौदलीय आवृत्तीने ११ जानेवारी २०२० रोजी ‘विक्रमादित्य’वर उतरून दाखविले, तिचा आराखडा याच शहरात झाला, आणि ‘विक्रमादित्य’ही एका जुन्या सोव्हिएत नौकेचे रूपांतरच आहे.

अंतराळकथेविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आकाशयानांतही असे रूपांतर प्रत्यक्ष घडले: अमेरिकन एअरलाइन्सचे एक बोइंग ७४७ विमान नासाने १९७४ मध्ये घेतले, आतून रिकामे केले, आणि त्याच्या पाठीवर स्पेस शटल वाहिली; १९७७ मध्ये त्याच पाठीवरून ‘एंटरप्राइझ’ने पहिली झेप घेतली, आणि त्या यानाचे नाव तर एका अंतराळमालिकेच्या चाहत्यांनी लिहिलेल्या पत्रांमुळे ठेवले गेले होते. मराठी विज्ञानकथेने १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतील जयंत नारळीकरांच्या कथेपासून फार मोठी मजल मारली आहे. तिच्यात खगोलविज्ञान आहे, मनोविज्ञान आहे, नैतिक प्रश्न आहेत. तिच्यात गोदी मात्र मला क्वचितच दिसली. याने येतात ती पूर्ण आणि निष्कलंक येतात. ती कोणी बांधली, कोणत्या धंद्यासाठी बांधली, ती दुसऱ्या कामाला लावताना काय कापावे आणि कोठे भार घालावा लागला, हे कथेत येत नाही. ज्या तरुणाला वाहतूक-यानांच्या वर्गाचा वाहक-ताफा कल्पावयाचा आहे, त्याने ‘ॲव्हेंजर’चा बॉम्बसाठा आणि ‘वोल्फ’चे ४५१ दिवस लक्षात ठेवावेत, त्याची कथा खचितच अधिक दृढ होईल.

या ग्रंथाची मांडणी काळानुसार नसून रूपांतराच्या प्रकारांनुसार केली आहे, आणि प्रत्येक प्रकारात जहाजाचा मूळ धंदा, गोदीतील काम, समुद्रातील वर्तन व शेवट या चार अंगांचा विचार आहे. जाणूनबुजून एक पक्षपातही केला आहे: जेथे जेथे शक्य झाले तेथे सेनापतींपेक्षा सारंग, तांडेल, भंडारी आणि आगवाले यांच्याकडे अधिक लक्ष दिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील व गोव्यातील हजारो माणसे दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश व्यापारी जहाजांवर होती. त्यांपैकी अनेकांची जहाजे त्यांच्या पायांखाली रणनौका झाली, आणि ती परत आली किंवा आली नाहीत. पण रूपांतरित नौकांच्या कथनात त्यांना जागा बहुधा मिळालेली नाही. मीही ती पुरेशी देऊ शकलो नाही, कारण त्यांची दप्तरे विखुरलेली आहेत.

म्हणून वाचकांपाशी एक मागणे आहे. आपल्या घरात, दापोली-गुहागरकडे असो, सालसेत-बार्देशात असो किंवा येथे बेंगळुरूत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात असो, एखाद्या पणजोबांची खलाशाची नोंदवही, जहाजाच्या नावाचा शिक्का असलेले पगारपत्रक किंवा बंदरातून आलेले पत्र पडून असेल, तर ते टाकून देऊ नका. त्याची छायाप्रत काढून ठेवा आणि त्यावरील जहाजाचे नाव व साल स्वच्छ अक्षरांत लिहून प्रकाशकांकडे पाठवा. पुढील आवृत्तीत त्या नावांना योग्य ती जागा मिळेल.

जयनगर, बेंगळुरू